चंदगडला जाणारी रेल्वे

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की माझे पाय कोल्हापुरातल्या शाहूपुरीकडं वळतात. यंदाही वळले. गळिताचा हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. सकाळी गारठा असतो, दुपारी ऊन चटकतं, आणि वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरात येतो. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर डोकावणारे उसाचे हिरवे शेंडे, मागं अडकलेल्या गाड्या आणि सगळ्यांवर मात करणारी ट्रॅक्टरवरची गाणी. लोक वैतागतात. मी मात्र रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत राहते. अशाच एका हंगामात, अशाच एका कोंडीमुळं, शाहूपुरीतल्या एका खोलीत चंदगडपर्यंत रेल्वे गेली होती.

हे सांगितलं की ऐकणारा हसतो. रेल्वे कोल्हापुरात येते आणि कोल्हापुरातच संपते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चंदगडला जायचं तर एसटीच. डोंगर, जंगल, काजूच्या बागा आणि महिनोन् महिने न थांबणारा पाऊस, तिथं रूळ कोण टाकणार? पण टाकले होते. मी ते बघितले आहेत, आणि ते टाकणाऱ्यांत माझे वडील होते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं कोल्हापूर-चंदगड या एकाच रस्त्यावर गेली. टपावर भाताची पोती, आत कोंबड्या, बाजाराला निघालेल्या बाया आणि पुढच्या काचेवर पाऊस. चंदगडच्या पावसाबद्दल ते बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. "तिथं पाऊस पडत न्हाय," ते म्हणायचे, "तिथं पाऊस ऱ्हातोय. आपण त्याच्या घरात जातो." मोठ्या आवाजाचा, कडक इस्त्रीचा, जेवताना दुसऱ्यांदा रस्सा मागून घेणारा माणूस. निवृत्त झाल्यावरही पहाटे उठून दाढी करून बसायचे, जणू ड्युटी लागली आहे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एका सकाळी दाढी करतानाच त्यांच्या हातातून वस्तरा पडला. अर्धांगवायू. पाय बराचसा वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. मी तेव्हा मुरगूडला शाळेत शिकवत होते. रजा टाकून कोल्हापूरला माहेरी आले ती हंगाम संपेपर्यंत राहिलेच.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आबांनी भिंतीकडं तोंड केलं. भेटायला माणसं यायची, कॉटजवळ उभं राहून मोठमोठ्यानं बोलायची, जणू त्यांना ऐकूच येत नाही. आई भाकरी कुस्करून भरवायला गेली की ते तोंड फिरवायचे. हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो डाव्या हातानं उचलून त्यांनी अंगणात फेकला. शाहूपुरीत व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टर होत्या, वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, हात हलायचा तर तो आत्ताच हलेल. त्यांच्या मनातच नसेल तर मी काय करणार?" त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. ते आईलाही कळत होतं, म्हणून ती वस्तरा कुलपात ठेवायची.

एके दिवशी त्या डॉक्टरांकडूनच रिक्षानं परत येताना पुढं उसाची ट्रॉली कलंडली. रस्ता गच्च. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. आमची रिक्षा एका दुकानासमोर उभी होती. ते दुकान मी आधी पाहिलं असेन, पण लक्ष कधी गेलं नव्हतं. अर्ध्या भागात पंपांच्या जुन्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा उग्र वास, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, मोटर रिवायंडिंगचं दुकान, शाहूपुरीत असतात तसलंच. उरलेल्या अर्ध्या भागात काचेची कपाटं आणि कपाटांत आगगाड्या. वीतभर लांबीची काळी इंजिनं, निळे-तांबडे डबे, सिग्नल, पूल. आणि पुढच्या काचेमागं एका फळीवर, गोल फिरणाऱ्या रुळांवरून, एक गाडी खरोखर धावत होती.

कोंडी सुटली. रिक्षावाल्यानं इंजिन सुरू केलं. आबांनी डाव्या हातानं रिक्षाची दांडी धरली आणि सोडेनात. कितीतरी दिवसांनी त्यांनी काहीतरी धरलं होतं. मी म्हटलं, "उतरायचं?" त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. आम्ही उतरलो.

दुकान अण्णांचं. सगळी शाहूपुरी त्यांना अण्णाच म्हणायची. निपाणीकडचे लिंगायत, घरात कानडी, दुकानात मराठी आणि मोटारीशी बोलताना दोन्ही. पाणी उपसायच्या मोटारी दुरुस्त करता करता त्यांच्याकडं कुणीतरी परदेशातून आणलेली बंद पडलेली खेळण्यातली गाडी दिली. तिच्या पोटातली मोटर सुपारीएवढी. अण्णांनी भिंग लावून ती पुन्हा गुंडाळली, आणि गाडी चालली. "त्या दिवसापासनं हे गेलं कामातनं," त्यांची बायको सांगायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. पुढं अण्णा मुंबई-पुण्याहून असल्या गाड्या मागवायला लागले, मोडलेल्या विकत घेऊन सुधरून विकायला लागले. एक फौंड्रीवाले, एक दातांचे डॉक्टर, असली नाद असलेली माणसं त्यांच्याकडं यायची, आणि गिऱ्हाइकांपेक्षा नुसती बघणारीच जास्त. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. काचेला नाक लावलेल्या माणसाला ते आत बोलवायचे.

आतल्या खोलीत एक मोठी फळी होती, लग्नातल्या जेवणाच्या टेबलासारखी लांब. त्यावर अख्खा मुलूख. बर्फाचे डोंगर, लाल टोकदार छपरांची घरं, सुरूसारखी उंच झाडं आणि त्यांच्यामधून रूळ. खिडकीपाशी अक्का बसलेली. तिच्यासमोर एका पाटावर माणसं होती, नखाएवढी. ती त्यांना रंगवत होती. दोन-चार केसांचा ब्रश, श्वास रोखलेला. मी वाकून पाहिलं तर एका बाईच्या लुगड्याला काठ होता. त्या काठाकडं बघताना मला जे वाटलं ते पुढं मोठमोठ्या देवळांतही क्वचित वाटलं. एवढ्याशा जागेत एवढं सगळं मावतं, आणि कुणीतरी ते मावेपर्यंत बसून राहतं.

"बसा की पावणं," अण्णा आबांना म्हणाले आणि स्टूल पुढं केलं. मी हळूच सांगायला लागले की यांना बोलता येत नाही. अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सरळ आबांनाच विचारलं, "कसा काय वाटतोय डोंगर?"

आबा बराच वेळ बर्फाच्या डोंगराकडं बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. घशातून घरघर आली, आणि शब्द आला.

"न्हाय."

इतक्या दिवसांत आलेला तो पहिला शब्द. अण्णांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की समोरच्या माणसाला डोंगर पसंत नाही.

"मग कसा पायजे?"

आबांनी डावा हात पुढं केला, डोंगराच्या टोकावर ठेवला आणि दाबला. टोक बोथट करायचं होतं त्यांना. मग हात आडवा फिरवला, लांब, सपाट, पुन्हा लांब. मला एकदम ओळखू आलं. ती आमच्याकडच्या डोंगरांची माथी होती, कोयत्यानं कापल्यासारखी. मी म्हटलं, "अण्णा, आबा चंदगडला एसटी चालवायचे."

अण्णा बर्फाच्या डोंगराकडं बघत राहिले. परदेशी खोक्यावरचं चित्र बघून त्यांनी तो वर्षभर खपून केला होता. "अगं," ते अक्काला म्हणाले, "हे बरोबर म्हणत्यात. आपल्याला कुठला बर्फ ठाऊक? चंदगडला गाडी नेऊया की."

अक्कानं ब्रश बाजूला ठेवला. "मग माझ्या माणसांना पावसात डोक्यावर घ्यायला इरली लागतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही व्यायाम झाला की दुकानात जायला लागलो. काही दिवसांनी व्यायामाच्या डॉक्टरच तिथं येऊन बघून गेल्या. रद्दीचे कागद पाण्यात भिजत घालायचे, पिळायचे, खळीत कालवून मळायचे आणि जाळीवर थापायचे, याच्यापेक्षा चांगला व्यायाम त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी फक्त एक अट घातली, उजवा हातही घमेल्यात पाहिजे. पहिल्यांदा तो नुसता पडून असायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. आबा डाव्या हातानं त्याच्यावर लगदा ओतायचे आणि त्याच्याकडं रागानं बघायचे. एके दुपारी लगद्यात करंगळी हलली. आधी मला वाटलं, पाणीच हललं असेल.

त्या हंगामात मी काय काय शिकले. वाळलेल्या घोसाळ्याचा सांगाडा तोडून रंगवला की काजूचं झाड होतं. चहाचा चोथा उन्हात सुकवला की जंगलातली माती. विटेचा चुरा वस्त्रगाळ केला की जांभ्याचा दगड. जुन्या टॉवेलचे तुकडे पोपटी रंगात बुडवून एकाखाली एक चिकटवले की भाताची खाचरं, आणि ती इतकी खरी दिसायची की त्यांत चिखल असेल असं वाटून मी साडी सावरायची. अक्का मला 'तंगी' म्हणायची, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "तंगी, घरातली कुठलीबी वस्तू टाकायच्या आधी मला दाव," ती म्हणायची. आई रोज डब्यात काहीतरी पाठवायची आणि रिकामा डबा परत आला की आधी तो हुंगून बघायची. आबा जेवायला लागले होते.

पाऊस कसा दाखवायचा, हा प्रश्न मात्र सुटेना. चंदगड आहे आणि पाऊस नाही, हे काही आबांना पटत नव्हतं. अण्णांनी बारीक तारा टांगून बघितल्या, आबांनी मान हलवली. अक्कानं काचेचा चुरा आणला, तरी मान हलवली. मग ते उठले, पाय ओढत पुढच्या दुकानात गेले आणि वार्निशच्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले. मोटारीच्या गुंडाळीवर देतात ते वार्निश. अण्णांनी ते विटेच्या कड्यावर, रस्त्यावर, घरांच्या कौलांवर, इरल्यांवर पातळ फिरवलं. वाळलं तरी ओलं दिसत होतं. सगळा मुलूख नुकताच भिजून उठल्यासारखा चकाकायला लागला. पाऊस कुठंच नव्हता आणि सगळीकडं होता. मला गारवा जाणवला, खरोखर, अंगावर काटा आला.

रूळ पुरे झाले त्या दिवशी अण्णांनी आईलाही बोलावलं. एका टोकाला कोल्हापूर स्टेशन, दुसऱ्या टोकाला, धुक्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या मागं, चंदगड. अण्णांनी गाडीचा वेग कमी-जास्त करायचं बटण आबांच्या डाव्या हाताखाली दिलं. "ड्रायव्हर तुमी," एवढंच म्हणाले.

गाडी सुटली. आबा पुढं वाकले. पहिलं वळण गेलं आणि ते म्हणाले, "कागल."

आई माझ्याकडं बघायला लागली. गाडी पुढं गेली. "निपाणी." घाट चढताना त्यांनी वेग कमी केला, इंजिनाचा आवाज बारीक झाला. "तवंदी घाट." मग "संकेश्वर." मग "गडहिंग्लज," हा इतका अवघड शब्द, सगळी अक्षरं जागच्या जागी. "महागाव. नेसरी. अडकूर." ज्या माणसाला इतके दिवस पाणी मागता येत नव्हतं त्याच्या तोंडून गावं एकामागून एक येत होती, प्रत्येक गाव आपापल्या वळणावर. खाली बघितलं तर त्यांचा उजवा पाय उतारावर ब्रेक दाबत होता. गाडी कापसात शिरली आणि थांबली.

"चंदगड," आबा म्हणाले. "उतरा."

"उतरतो की," अण्णा म्हणाले, आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

त्यानंतर आबा खडाखडा बोलायला लागले, असं झालं नाही. माझं नाव त्यांना शिमग्याच्या सुमाराला आलं, तेही आधी आईचं नाव घेऊन मग दुरुस्त केलेलं. उजव्या हाताची तीन बोटं परत आली, दोन आलीच नाहीत. त्या तीन बोटांनी ते घास घ्यायचे, बटण लावायचे आणि दुकानात जाऊन काजूची झाडं चिकटवायचे. हंगाम संपला, मी मुरगूडला परत गेले. आबा रोज अण्णांकडं जात राहिले. चंदगडकडची माणसं कोर्टाच्या, दवाखान्याच्या कामाला कोल्हापुरात आली की एसटी सुटायच्या आधी दुकानात डोकावायची आणि आपलं गाव शोधायची. एक म्हातारी फळीजवळ उभी राहून बराच वेळ बघत होती. मग अक्काला म्हणाली, "आमच्या घराकडं पाणी भरतंय पावसात. ते जरा उचलून वर ठेव की, बाई." अक्कानं घर उचललं आणि वरच्या अंगाला ठेवलं.

पुढं एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. ओसरल्यावर मी आबांना घेऊन गेले. आतल्या खोलीत फळी तिरकी होऊन पडलेली. कागदाचे डोंगर पुन्हा लगदा झाले होते. अण्णा पायरीवर बसून बादलीत रूळ धूत होते. आबा त्यांच्या शेजारी बसले. बादलीतला एक रूळ उचलून त्यांनी तीन बोटांनी पुसला. मग आबा म्हणाले, "दरड पडली. काढू."

त्यांनी काढलीही. पण अण्णांच्या गुडघ्यांत जोर राहिला नव्हता, आणि त्या वर्षअखेरीस त्यांच्या लेकीनं अण्णा-अक्कांना बेळगावला नेलं. जाताना अण्णांनी मोटारी उधारीवर देऊन टाकल्या, गाड्या मात्र एकेक करून गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः पोचवल्या. आबा त्यानंतरही काही वर्षं होते. एका पहाटे, दाढी करून, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

आज त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिथं उभी होते तेव्हा शेजारच्या चहावाल्यानं मला ओळखलं. "रेल्वेवालं दुकान व्हय? तसलं एक आता राजारामपुरीत हाय. एक पोरगी चालवती. जावा की, बघून या."

गेले. खाली पाटी नाही. जिना चढून वर एक खोली, त्यात खोकीच खोकी आणि प्रत्येकावर कुठल्या कुठल्या गावांचे पत्ते. गिऱ्हाईक कुणी नाही. स्नेहा नावाची तिशीतली मुलगी, फौंड्रीतली ड्रॉइंगची नोकरी सोडून हे करते. "दुकानात कुणी येत नाही, काकू," ती म्हणाली. "सगळं फोनवर. पण रोज कुणीतरी कुठूनतरी मागवतंच." कोपऱ्यात एक यंत्र चालू होतं. तापलेल्या सुईतून प्लॅस्टिकचा धागा येत होता आणि थरावर थर चढून समोर रेल्वेचा डबा उगवत होता. आधी तळ, मग खिडक्यांच्या खालच्या कडा, मग त्यांचे गज. मी स्टूल ओढून बसले. अक्काच्या ब्रशाला जे लागायचं ते याला लागत नव्हतं, श्वास रोखणं. तरी लुगड्याच्या त्या काठाकडं बघताना वाटलं होतं तेच मला वाटलं. कोणत्याही हाताविना डबा घडत होता, आणि तो घडावा असं आधी कुणाच्या तरी मनात आलं होतं.

स्नेहानं भिंतीलगतच्या रुळांवर एक इंजिन ठेवलं. त्याच्या कपाळावर मोहरीएवढा कॅमेरा होता. तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "आता तुम्ही इंजिनात बसलाय," ती म्हणाली.

पडद्यावर रूळ पळायला लागले. वरून जे खेळणं दिसत होतं, ते आतून खरं होतं. पूल आला, त्याचे खांब सरसर मागं गेले. खडी दिसली, एकेक खडा वेगळा. बोगदा आला, अंधार झाला, माझी बोटं फोनवर घट्ट झाली. मग लांब उजेडाचा एक ठिपका, तो वाढत गेला, आणि गाडी बाहेर पडली.

समोर, रुळांच्या पलीकडं, आभाळभर एक चेहरा होता. पांढरे केस ढगांसारखे, कपाळावर दऱ्यांसारख्या रेघा, डोळे एवढे मोठे की त्यांत अख्खी गाडी दिसत असावी. ती बाई श्वास धरून गाडीची वाट बघत होती. ती मीच आहे हे कळायला मला एक क्षण लागला.

गाडी माझ्यासमोरून जाऊ लागली तसा माझा हात आपोआप वर गेला. मी तिला निरोप दिला. पडद्यावर, डोंगरांच्याही वर, एक प्रचंड हात हळूहळू हलत होता.